संदर्भसूचीची फाइल उघडा, पण लगेच सेव्ह करू नका

डॉट आरआयएस, डॉट बिब, डॉट एनबिब, डॉट ईएनडब्ल्यू... संदर्भांच्या फाइलीच्या नावाला शेपूट कोणतंही असो, आत साधा मजकूरच असतो. त्यासाठी खास सॉफ्टवेअर विकत घ्यायची गरज नाही, कुठल्याही टेक्स्ट एडिटरमध्ये फाइल उघडते. वर्ड मात्र टाळा. आरआयएसची प्रत्येक ओळ दोन अक्षरी खूण, दोन स्पेस, हायफन, एक स्पेस अशीच सुरू व्हावी लागते. वर्डमध्ये दुरुस्ती करायला बसलात की ते मधेच हायफनचा डॅश करतं, आणि मग ती ओळ संदर्भांचं सॉफ्टवेअर ओळखत नाही.

मूळ फाइलची प्रत काढून ठेवा.

एका फॉरमॅटमधून दुसऱ्यात रूपांतर हे खरं तर दोन मिनिटांचं काम. झोटेरो या संदर्भ सांभाळणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये फाइल मेनूतून इम्पोर्ट करा, तयार झालेल्या संग्रहावर राइट क्लिक करून एक्स्पोर्ट निवडा, हवा तो फॉरमॅट द्या. झालं.

घोळ होतो तो त्याआधी, मराठी नोंदी उघडताना. पडद्यावर काय दिसतंय ते आधी नीट बघा, कारण प्रत्येक बिघाडाचा इलाज वेगळा आहे.

रिकामे चौकोन दिसले तर फाइल बहुधा ठणठणीत आहे, फक्त फॉन्टमध्ये देवनागरी नाही. ओळीने प्रश्नचिन्हं असतील तर अक्षरं आधीच कुणीतरी सेव्ह करताना गमावली आहेत. ती परत येत नाहीत, मूळ फाइल पुन्हा मागवा. आणि डोक्यावर तिरकी रेघ असलेला रोमन 'ए' (à) दर दोन-तीन चिन्हांनी येत असेल, तर फाइल यूटीएफ-८ मध्ये (युनिकोड अक्षरं साठवायच्या पद्धतीत) आहे आणि एडिटर ती एएनएसआय (विंडोजची जुनी पद्धत) समजून वाचतोय. देवनागरीचं प्रत्येक चिन्ह यूटीएफ-८ मध्ये तीन बाइट घेतं आणि पहिला बाइट नेहमी तोच असतो, म्हणून तो 'ए' सतत डोकावतो.

इथेच बहुतेक जण फाइल मारतात. नोटपॅड प्लस प्लस या टेक्स्ट एडिटरच्या एन्कोडिंग मेनूत यूटीएफ-८ दोनदा आहे. वरचं नुसतं 'यूटीएफ-८' बाइटना हात लावत नाही, फक्त वाचायची पद्धत बदलतं. खालचं 'कन्व्हर्ट टू यूटीएफ-८' समोर दिसतोय तो कचराच खरा मानून नव्याने लिहितं. अक्षरं विचित्र दिसत असताना 'कन्व्हर्ट' दाबायचं नाही, कुणी कितीही सांगितलं तरी. वरचा पर्याय निवडा, मराठी नीट दिसू द्या, मगच सेव्ह करा. 'कन्व्हर्ट'चा उपयोग उलट परिस्थितीत: जुनी एएनएसआय फाइल व्यवस्थित दिसतेय आणि ती यूटीएफ-८ मध्ये न्यायची आहे तेव्हा.

चुकून दाबलंच असेल तर 'कन्व्हर्ट टू एएनएसआय' करून मग वरचं 'यूटीएफ-८' निवडा. बहुतेक वेळा मजकूर परततो. जोडाक्षरं मात्र तपासा. हलन्ताच्या तिसऱ्या बाइटला विंडोजच्या पाश्चात्त्य एन्कोडिंगमध्ये चिन्हच नेमलेलं नाही, त्यामुळे काही प्रोग्रॅम तो गाळतात.

श्रीलिपी किंवा कृतिदेवमधल्या जुन्या ग्रंथालयीन याद्यांना यातलं काहीच लागू नाही. तिथे रोमन अक्षरांवर मराठी फॉन्टचा मुखवटा आहे. त्या-त्या फॉन्टसाठी केलेलं युनिकोड कन्व्हर्टरच लागेल. एकाचं दुसऱ्याला चालत नाही.

आता नावं. बिबटेकमध्ये, म्हणजे डॉट बिब फाइलीत, दोन लेखकांच्या मध्ये इंग्रजी 'अँड' हवा, तोही रोमन लिपीत. 'आणि' लिहिलंत किंवा नुसता स्वल्पविराम दिलात तर दोघांचा एकच माणूस होतो. आडनाव आधी लिहिणार असाल तर त्यानंतर स्वल्पविराम द्या. नाहीतर 'देशपांडे पु. ल.' यांचं आडनाव 'ल.' होतं. संस्थेचं नाव दुहेरी महिरपी कंसात घाला, वर्ष इंग्रजी आकड्यांत लिहा. लाटेक या टाइपसेटिंगच्या सॉफ्टवेअरमध्ये मराठी सूची छापायची असेल तर सूची बनवणारा जुना बिबटेक प्रोग्रॅम सोडून बिबलाटेक हे पॅकेज आणि त्याच्या जोडीचा बायबर हा प्रोग्रॅम वापरा. आणि एखाद्या नोंदीपासून पुढचं सगळं गायब असेल, तर त्या नोंदीत महिरपी कंस बंद करायचा राहिलाय.