तिसरा स्ट्राइक कॅचरच्या हातून निसटतो तेव्हा: पंचांनी या चुका टाळाव्यात

बेसबॉलमध्ये तिसरा स्ट्राइक (बॅटरने हुकवलेला किंवा न खेळता सोडलेला योग्य चेंडू) म्हणजे बॅटर बाद, हे समीकरण डोक्यात पक्के बसलेला पंच पुढील नियमाशी हमखास अडखळतो. कॅचरने (बॅटरच्या मागे बसून चेंडू झेलणाऱ्या खेळाडूने) तिसऱ्या स्ट्राइकचा चेंडू जमिनीला लागण्यापूर्वी झेलला नसेल आणि त्या वेळी पहिला बेस रिकामा असेल किंवा दोन गडी आधीच बाद झालेले असतील, तर बॅटर धावपटू ठरतो. मग त्याला चेंडूने स्पर्श करून किंवा त्याच्याआधी पहिल्या बेसवर चेंडू पोहोचवूनच बाद करावे लागते. दोन गडी बाद असताना सर्व बेस भरलेले असतील, तर तिसऱ्या बेसवरील धावपटूला होम प्लेटकडे (बॅटरजवळच्या, धाव पूर्ण होते त्या बेसकडे) धावणे भागच असते; म्हणून कॅचरने चेंडू हातात घेऊन होम प्लेटला पाय लावला तरी डाव संपतो.

पहिला बेस भरलेला आहे की नाही, हे पिच (पिचरने बॅटरकडे केलेली फेक) टाकताना पाहायचे असते. पिचबरोबर तेथील धावपटू दुसऱ्या बेसकडे चोरून धावला, तरी तो बेस भरलेलाच मानला जातो आणि दोनपेक्षा कमी गडी बाद असतील तर बॅटर बाद होतो. कॅचरने मुद्दाम चेंडू पाडून एकाच वेळी दोन गडी सहज बाद करू नयेत, यासाठी हा अपवाद आहे. हे कारण ध्यानात ठेवले की नियम पाठ करावा लागत नाही. तसेच, टप्पा पडून ग्लोव्हमध्ये आलेला चेंडू झेल ठरत नाही. बॅटरने अशा चेंडूवर बॅट फिरवून तिसरा स्ट्राइक ओढवून घेतला असला, तरीही त्याला धावण्याचा हक्क असतो.

मात्र सर्वाधिक नुकसान होते ते संदिग्ध खुणेमुळे. 12 ऑक्टोबर 2005 रोजी शिकागो येथे व्हाइट सॉक्स आणि एंजल्स यांच्यातील अमेरिकन लीग अजिंक्यपद मालिकेचा दुसरा सामना नवव्या डावात 1-1 असा बरोबरीत होता. दोन गडी बाद असताना व्हाइट सॉक्सचे बॅटर ए. जे. पियर्झिन्स्की यांची बॅट तिसऱ्या स्ट्राइकला हुकली. होम प्लेटमागील पंच डग एडिंग्ज यांनी हात बाजूला नेऊन मग मूठ आवळली; ती खूण बाद दिल्याची समजून एंजल्सचे कॅचर जॉश पॉल यांनी चेंडू पिचरच्या उंचवट्याकडे घरंगळत सोडला, आणि पियर्झिन्स्की पहिल्या बेसवर पोहोचले. त्यांच्या जागी आलेल्या पाब्लो ओझुना यांनी दुसरा बेस चोरला आणि जो क्रीड यांच्या फटक्यावर व्हाइट सॉक्सने 2-1 असा विजय मिळवला. चेंडू जमिनीला लागला होता की नाही, यावर वाद झाला. पण माझ्या मते खरी उणीव खुणेत होती. स्ट्राइकची खूण आणि बादची खूण वेगळीच दिसली पाहिजे. चेंडू झेलला गेला नसेल, तर दोन्ही हात बाजूला पसरून झेल नसल्याचे लगेच दाखवावे. चेंडू नेमका कोठे लागला हे दिसले नसेल, तर बेसवरील सहकारी पंचाकडे तत्काळ पाहावे.

बॅटर निराश होऊन परत निघाला, म्हणून त्याला लगेच बाद देऊ नये. व्यावसायिक नियमांनुसार, पहिल्या बेसकडे न धावता तो होम प्लेटभोवतीच्या मातीच्या वर्तुळाबाहेर गेला की बाद ठरतो. शालेय व बाल गटांचे नियम वेगळे असू शकतात, म्हणून स्पर्धेपूर्वी ते वाचून घ्यावेत. तिसऱ्या स्ट्राइकला बॅट फिरवताना चेंडू बॅटरच्याच अंगाला लागला, तर चेंडू तत्काळ मृत होतो व बॅटर बाद होतो. तेथे धावण्याचा प्रश्नच उरत नाही.

याउलट, बॅटर नियमाने बाद असूनही पहिल्या बेसकडे धावत सुटतो आणि गोंधळलेला कॅचर तिकडे चेंडू फेकतो, असेही घडते. केवळ धावत राहिला म्हणून त्याने अडथळा आणला असे ठरत नाही, आणि त्या फेकीवर इतर धावपटू पुढे सरकले तर ते ग्राह्य असते. म्हणूनच अशा वेळी पंचाने बॅटरकडे हात दाखवून “बॅटर बाद” हे शब्द कॅचरला आणि दोन्ही डगआउटना ऐकू जातील इतक्या मोठ्याने, चेंडू हातातून सुटण्यापूर्वीच उच्चारायला हवेत.