जॉब गेला आणि मी एक-स्टारवाले रिव्ह्यू वाचत बसलो

चार वर्षं मोबाइल ॲपवर काम करत होतो. प्रॉडक्ट चाललं नाही, एका दुपारी मीटिंग झाली आणि अख्खी टीम घरी. त्यानंतर नऊ महिने मी बेकार. नवीन मुलांना हे आधीच सांगतो कारण कॉलेजात कोणी सांगत नाही, तुमचा कोड कितीही भारी असू दे, लोकांनी ती वस्तू वापरलीच नाही तर कोडसकट तुम्ही पण जाता.

पहिले चार महिने सगळे करतात तेच केलं. नवीन फ्रेमवर्क, अजून एक सर्टिफिकेट, रोज पंधरा-वीस अर्ज, उत्तर कुणाचंच नाही. एकदाच इंटरव्ह्यूपर्यंत पोचलो तर विचारलं, "हेच ॲप दुसऱ्या देशात का चालणार नाही?" मी सर्व्हर, नेटवर्क, स्पीड असलं काहीबाही बोललो आणि तिथेच विषय संपला.

तो प्रश्न काही डोक्यातून जाईना, म्हणून वाचायला लागलो. जपानमध्ये आय-मोड, म्हणजे फोनवरचं इंटरनेट, 1999 ला आलं, 2004 पासून लोक फोन टेकवून पैसे द्यायला लागले, म्हणजे आयफोन यायच्याही आधी! पण ते फोन बाहेर फारसे चाललेच नाहीत, पुढे त्यांना गालापागोस फोन असं नाव पडलं, गालापागोस बेटांवर जगापासून वेगळे वाढलेल्या प्राण्यांसारखे म्हणून. क्यूआर कोड पण जपानचाच, 1994 चा, गाड्यांच्या पार्ट्सवर नजर ठेवायला बनवलेला, आणि पैसे द्यायला तो घराघरात पोचला चीनमध्ये. केनियात एम-पेसा, म्हणजे फोनवरून पैसे पाठवायची सोय, 2007 ला साध्या बटणांच्या फोनवर सुरू झालं. इथे एक सांगतो, सगळंच "संस्कृती" म्हणून खपवू नका. केनियात खूप जणांचं बँकेत खातंच नव्हतं, आणि रोख घ्यायला-द्यायला कोपऱ्याकोपऱ्यावर एजंट बसलेले, अर्धं गणित तिथेच सुटतं. उलट जर्मनीत बँका भरपूर, तरी बऱ्याच लोकांना रोखच बरी वाटते कारण आपण कुठे काय खर्च केला ते दुसऱ्याला कशाला कळायला हवं.

मग एक उद्योग सुरू केला, तुम्हीही करून बघा, फुकट आहे. ओळखीची पाच ॲप घ्यायची, वेगवेगळ्या देशांतले एक-स्टारवाले रिव्ह्यू ट्रान्सलेट करून वाचायचे आणि एका शीटमध्ये तक्रार आणि तिचं खरं कारण लिहायचं. इंडोनेशियात कित्येकांना एकच नाव असतं, आडनाव नाही, आणि फॉर्म आडनावाशिवाय पुढे सरकत नाही, मग लोक तेच नाव दोनदा टाकतात. "सेटिंग्ज"चा जर्मन शब्द आइनश्टेलुंगेन, बटणात मावत नाही. अरबी उजवीकडून डावीकडे, तर मागे जायचा बाण उलटा हवा. शेवटी माझंच जुनं ॲप मराठीत टाकून फॉन्ट मोठा केला, तर "की"ची वेलांटी वरून छाटलेली. बटणाची उंची फिक्स मीच केली होती, आणि मराठी माणूस असून कधी बघितलं नव्हतं!

पुढच्या इंटरव्ह्यूत रेझ्युमे बाजूलाच राहिला, पाऊण तास त्या शीटवरच बोलणं झालं. काम मिळालं लोकलायझेशन टीममध्ये, म्हणजे ॲप वेगवेगळ्या देशांना आणि भाषांना जुळवून घेणाऱ्या टीममध्ये, कॉन्ट्रॅक्टवर, पगार आधीपेक्षा कमी. घेतलं. पहिल्या दिवशीचं तिकीट, म्हणजे नेमून दिलेलं काम, होतं, आडनावाच्या रकान्यापुढची 'भरायलाच हवं' सांगणारी लाल चांदणी काढणे.