जागतिक आरोग्याचे पॉडकास्ट ऐकताय? या चुका टाळा

पोळ्या लाटताना पॉडकास्ट ऐकायची मला जुनी सवय. जागतिक आरोग्यावरचे कार्यक्रम ऐकायला लागले तेव्हा पहिले काही आठवडे तज्ज्ञ मंडळी सारखी 'डॅली, डॅली' म्हणायची आणि मी ते 'डेली' समजायचे. मलेरियामुळे रोज इतके कोटी... इतके कोटी काय? हिशेब कुठेच बसेना. शेवटी एका भागाची लेखी प्रत उघडली आणि कळलं, ही तर डी, ए, एल, वाय अशी चार आद्याक्षरं! अकाली मृत्यूमुळे गमावलेली वर्षं आणि आजारपणात काढलेली वर्षं (ती आजाराच्या तीव्रतेप्रमाणे मोजतात), या दोन्हींची ही बेरीज. एक डॅली म्हणजे निरोगी आयुष्याचं एक वर्ष गेलं. जागतिक बँकेच्या १९९३ च्या अहवालाने हे माप जगभर पोचवलं, आमच्या स्वयंपाकघरात मात्र ते बरंच उशिरा आलं.

कानावर नको इतका भरवसा

डोळा मागे जाऊन पुन्हा वाचतो. कानाला ती सोय नाही, आणि कुकरची शिट्टी झाली की अर्धं वाक्य गेलंच. 'हायपर' (जास्त) आणि 'हायपो' (कमी), 'फिफ्टीन' आणि 'फिफ्टी' यांत तर भलेभले फसतात. पीएचसी ऐकलं की आपल्या डोळ्यांपुढे गावातलं प्राथमिक आरोग्य केंद्र येतं. पण १९७८ मध्ये कझाकस्तानातल्या अल्मा-आटा शहरात भरलेल्या जागतिक आरोग्य परिषदेबद्दल बोलताना तीच अक्षरं 'प्राथमिक आरोग्य सेवा' या सगळ्या विचारासाठी वापरतात. बिलियन म्हणजे शंभर कोटी, मिलियन म्हणजे दहा लाख, हे आपल्याला पाठ असतं. चालत्या वाक्यात ते आठवेलच असं नाही.

सगळ्यात मोठा घोटाळा होतो तो 'कितीमागे' न ऐकल्यामुळे. महाराष्ट्राचंच घ्या. नमुना नोंदणी पाहणीनुसार २०१८-२० मध्ये राज्याचा माता मृत्यू दर ३३ होता आणि २०२० मध्ये अर्भक मृत्यू दर (वर्षाच्या आतल्या बाळांचा) १६. नुसतं ऐकलं तर वाटतं, बाळांच्या दुप्पट आया दगावतात. प्रत्यक्षात ३३ हा आकडा एक लाख जिवंत जन्मांमागे आहे आणि १६ हा एक हजारामागे. दोन्ही लाखावर आणले की ३३ विरुद्ध १,६०० होतात. चित्र पार उलटं! म्हणून आकडा कानावर आला की मी हात पुसून दोनच गोष्टी टिपते: आकडा आणि त्याचा छेद, म्हणजे तो कितीमागे आहे ते. छेद सांगितलाच नसेल तर तो आकडा कुणाला सांगायच्या भानगडीत पडत नाही.

दीडपट वेगाने ऐकायची फुशारकीही इथे सोडा. गप्पांना ती ठीक. परदेशी उच्चार झेपत नसतील तर वेग उलट कमी करा आणि लेखी प्रत उघडी ठेवा. ॲपलच्या पॉडकास्ट ॲपमध्ये २०२४ पासून इंग्रजी भागांची लेखी प्रत आपोआप दिसते. अनेक कार्यक्रम स्वतःच्या संकेतस्थळावरही ती देतात. जागतिक आरोग्य संघटनेच्या 'सायन्स इन फाइव्ह'चे भाग जेमतेम पाच-सात मिनिटांचे असतात. सुरुवातीला तेवढंच बरं.

भागाची तारीख न बघणे

ॲप जुना भाग नव्याच्याच तोऱ्यात वाजवतं. औषधाला दाद न देणाऱ्या टीबीवरचा २०१९ चा भाग ऐकलात तर दीड-दोन वर्षांचे उपचार कानावर पडतील. डिसेंबर २०२२ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने बऱ्याच रुग्णांसाठी चार औषधांचा सहा महिन्यांचा उपचार सुचवला. भारताने त्याला २०२४ मध्ये मान्यता दिली. तो जुना भाग ऐकून शेजारच्या रुग्णाला 'दोन वर्षं लागणार रे बाबा' असं सांगून कुणी मोकळं झालं तर? कोविडचंही तेच. मार्च २०२० मध्ये हाच विषाणू 'हवेतून पसरत नाही' असं याच संघटनेने सांगितलं होतं, पुढे ते बदललं. जुने भाग टाकाऊ नाहीत, शास्त्र कसं बदलत गेलं ते त्यांतच ऐकू येतं. पण सल्ला म्हणून ते वापरू नका.

'जागतिक' म्हणजे दुसऱ्यांचं असं समजणे

आफ्रिकेतल्या मुलांसाठीची आर-२१ ही मलेरियाची लस पुण्यात बनते. अल्मा-आटाच्या आधी, १९७५ मध्ये, जागतिक आरोग्य संघटनेने जगभरचे जे नमुनेदार प्रयोग छापले त्यांत आपलं जामखेड होतं. डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे यांनी तिथे गावातल्याच बायकांना शिकवून आरोग्य कार्यकर्त्या केलं. विषय अनोळखी वाटत असेल तर अशा ओळखीच्या दाराने आत शिरा.

आणि हो, आतड्यांचं आरोग्य सांगता सांगता मध्येच स्वतःची पावडर विकणारा कार्यक्रम जागतिक आरोग्याचा नव्हे. तो दुकानाचा.

देवी, कांजिण्या आणि शेवटचा रुग्ण

'स्मॉलपॉक्स' ऐकून मनात 'कांजिण्या' असं भाषांतर करणारे मी बरेच पाहिलेत. स्मॉलपॉक्स म्हणजे देवी. चिकनपॉक्स म्हणजे कांजिण्या. मीझल्स म्हणजे गोवर. आजीच्या दंडावरचे वण देवीच्या लशीचे, माझ्या दंडावरचा बीसीजीचा.

देवीवरचे भाग ऐकताना आणखी एक कोडं पडतं. एकात शेवटचा रुग्ण बांगलादेशात, दुसऱ्यात सोमालियात, तिसऱ्यात इंग्लंडमध्ये. तिन्ही खरे. देवीच्या जहाल प्रकाराची नैसर्गिक लागण झालेली शेवटची रुग्ण म्हणजे भोला बेटावरची रहिमा बानू ही लहान मुलगी, १९७५. सौम्य प्रकाराचा, आणि म्हणून एकूणच नैसर्गिक लागणीचा शेवटचा रुग्ण अली माओ मालिन, सोमालिया, १९७७. आणि प्रयोगशाळेशी संबंधित लागणीने १९७८ मध्ये बर्मिंगहॅमला दगावलेल्या जॅनेट पार्कर. निवेदक प्रत्येक वेळी सगळी विशेषणं लावत नाही, ती आपण लावून घ्यायची.

बहुतेक कार्यक्रम ही गोष्ट ८ मे १९८० ला, देवी निर्मूलनाच्या घोषणेवर संपवतात, आणि तिथेच आपणही बंद करतो. संसर्गरोगतज्ज्ञ डॉ. सेलीन गाउंडर यांच्या 'एपिडेमिक' या पॉडकास्टच्या २०२३ च्या मालिकेतला शेवटचा भाग मात्र चुकवू नका. गाउंडर स्वतः रहिमा बानूंना भेटायला बांगलादेशात गेल्या. जगाच्या आरोग्याच्या इतिहासात नाव गेलेल्या या बाईंना घरच्या औषधपाण्याचा खर्च तेव्हाही जड जात होता.