चित्रांचे थर स्लाइडवर अचूक कसे बसवावेत: ठाणे खाडीच्या नकाशाचे उदाहरण

जुन्या नकाशावर नवा नकाशा, नव्या नकाशावर खारफुटीचा पट्टा, त्यावर रोहित (फ्लेमिंगो) पक्ष्यांच्या वावराच्या जागा, असे एकेक थर उलगडत जाणारे सादरीकरण श्रोत्यांना फार लवकर समजते. मात्र थर एकमेकांवर तंतोतंत बसलेले असतील तरच. पुढचा थर येताना किनारा दोन मिलिमीटर सरकला, तर मोठ्या पडद्यावर तो बोटभर उडी मारतो आणि बघणाऱ्याला वाटते की खाडीच सरकली. ठाणे आणि नवी मुंबईतल्या वाचनालयांसाठी, शाळांसाठी आणि गृहसंकुलांतल्या कार्यक्रमांसाठी ठाणे खाडीवरची अशी सादरीकरणे मी नेहमी तयार करते. त्या अनुभवावरून सांगते की ‘माउसने ओढा आणि डोळ्यांनी जुळवा’ हा सर्रास दिला जाणारा सल्ला या कामासाठी निरुपयोगी आहे. थर आकड्यांनी बसवायचे असतात.

येथे पॉवरपॉइंट गृहीत धरले आहे. लिबरऑफिस इम्प्रेसमध्ये एफ४ दाबल्यावर जागा आणि आकाराची चौकट उघडते आणि गूगल स्लाइड्समध्ये ‘फॉरमॅट ऑप्शन्स’मध्ये तेच आकडे मिळतात. पद्धत तिन्हीकडे एकच आहे.

सर्वात आधी स्लाइडचा आकार ठरवावा आणि नंतर त्याला हात लावू नये. रुंद पडद्याची स्लाइड ३३.८७ बाय १९.०५ सेंटिमीटर असते, तर जुन्या ४:३ प्रमाणातली २५.४ बाय १९.०५. सभागृहातला प्रोजेक्टर कोणत्या प्रमाणाचा आहे हे आयोजकांना आधीच विचारावे, कारण थर बसवून झाल्यावर स्लाइडचा आकार बदलला की सॉफ्टवेअर सगळी चित्रे स्वतःच्या हिशेबाने लहानमोठी करते आणि केलेले काम वाया जाते.

त्यानंतर ऑल्ट आणि एफ१० दाबून ‘सिलेक्शन पेन’ उघडावे. यादीत जो थर सर्वात वर, तोच स्लाइडवरही सर्वात वर असतो. ‘पिक्चर ७’, ‘पिक्चर १२’ अशी आपोआप पडलेली नावे बदलून ‘नवा नकाशा’, ‘खारफुटी’, ‘रेल्वे’ अशी ठेवावीत. नावासमोरच्या डोळ्याच्या चिन्हाने थर लपवता येतो. खालच्या चित्रावर काम करताना वरचे ओढून बाजूला ठेवणाऱ्यांना हा डोळा माहीत नसतो.

वस्तू जाळीला चिकटण्याची सोय, म्हणजे ‘स्नॅप टू ग्रिड’, बंद करावी.

आता थरांचे दोन प्रकार ध्यानात घ्यावेत. पहिला प्रकार आपण स्वतः रेखाटलेल्या थरांचा. खारफुटी, रेल्वेमार्ग, गावांची नावे हे सगळे एकाच फाइलमध्ये, एकाच मापाच्या कागदावर काढलेले असेल, तर प्रत्येक थर पूर्ण कागदासकट, पारदर्शक पार्श्वभूमीच्या पीएनजी स्वरूपात काढून घ्यावा. रुंद स्लाइडसाठी १९२० बाय १०८० पिक्सेल हे माप सोयीचे पडते. रेखाटनासाठी इंकस्केप हे सॉफ्टवेअर वापरत असाल तर निर्यात करताना ‘ड्रॉइंग’ नव्हे, ‘पेज’ निवडावे. ‘ड्रॉइंग’ निवडले की चित्राभोवतीची रिकामी जागा छाटली जाते आणि त्याबरोबर थराचा मूळ पत्ताही जातो. ही रिकामी जागा ‘उगाच’ आहे असे समजून कापणारे पुष्कळ आहेत. ती उगाच नाही. तिच्यामुळेच प्रत्येक थराला तोच आकार आणि तीच जागा देता येते: रुंदी ३३.८७, उंची १९.०५, आडवे अंतर ०, उभे अंतर ०. हे आकडे चित्रावर उजवी टिचकी मारून ‘फॉरमॅट पिक्चर’मधल्या ‘साइझ अँड प्रॉपर्टीज’ या भागात भरायचे आणि अंतर कायम वरच्या डाव्या कोपऱ्यापासून मोजायचे. एवढ्यावर या प्रकारचे थर जुळतात.

अडचण येते ती दुसऱ्या प्रकारात, म्हणजे दोन वेगवेगळ्या ठिकाणांहून आलेली चित्रे एकमेकांवर बसवायची असतात तेव्हा: एक जुना, कागदावरून स्कॅन केलेला नकाशा आणि एक आजचा. दोघांचे प्रमाण वेगळे, समास वेगळे, कडा वेगळ्या. ‘अलाइन’मधले ‘सेंटर’ आणि ‘मिडल’ येथे काही कामाचे नाहीत, कारण ती आज्ञा चित्राची चौकट मध्यावर आणते आणि चौकटीच्या आत ठाणे कुठे आहे याच्याशी तिला देणेघेणे नसते. कोपरे धरून चित्र ताणत बसण्याची पद्धत तर याहून वाईट. वरचे टोक जुळवावे तर खालचे सुटते, खालचे धरावे तर वरचे जाते, आणि शेवटी माणूस ‘चालेल एवढे’ म्हणून सोडून देतो. या टप्प्यावर मीही बराच काळ अडले होते. सुटका झाली ती दोन खुणांच्या पद्धतीने.

दोन्ही नकाशांवर निश्चितपणे ओळखता येतील असे दोन बिंदू निवडावेत आणि ते एकमेकांपासून शक्य तितके लांब असावेत. जवळचे बिंदू घेतले की मोजण्यातली बारीक चूक नकाशाच्या दुसऱ्या टोकाला कित्येक पटींनी वाढते. बिंदू निवडताना काठावरची कोणतीही जागा घेऊ नये, हे मी ठासून सांगते. नवी मुंबई वसवणाऱ्या सिडको या शासकीय संस्थेची स्थापना १९७० साली झाली आणि त्यानंतर वाशी-नेरूळकडच्या बाजूला भातखाचरांच्या आणि मिठागरांच्या जागी वसाहती उभ्या राहिल्या. जुना काठ आणि आजचा काठ जुळणारच नाहीत, किंबहुना ते जुळत नाहीत हेच आपल्याला दाखवायचे असते. रेल्वे स्थानकही बिंदू म्हणून घेऊ नये, कारण ते लांबलचक असते आणि त्याचे नाव नकाशावर कुठेही छापलेले असते. उत्तरेला ठाण्याचे मध्यवर्ती कारागृह घ्यावे. पोर्तुगीजांनी १७३० मध्ये बांधायला घेतलेला हा किल्ला असून त्याच्या तटाचा एखादा बुरूज नेमका दाखवता येतो. दक्षिणेला बेलापूरचा किल्ला घ्यावा.

जुना नकाशा स्लाइडवर आणण्यापूर्वी चित्र संपादनाच्या सॉफ्टवेअरमध्ये सरळ करून घ्यावा, त्याची छापील चौकट अगदी आडवी-उभी दिसेपर्यंत. हे काम स्लाइडवर करू नये. पॉवरपॉइंटमध्ये चित्र फिरवले तरी जागेचे आकडे न फिरवलेल्या चौकटीचेच राहतात आणि पुढचा सगळा हिशेब चुकतो.

मग ०.२० सेंटिमीटर व्यासाच्या, बाह्यरेषा नसलेल्या चार चकत्या काढाव्यात: नव्या नकाशावरच्या दोन बिंदूंवर लाल, जुन्यावरच्या दोन बिंदूंवर निळ्या. स्लाइड ४०० टक्क्यांपर्यंत मोठी करून, कंट्रोल धरून बाणांच्या कळांनी चकती बिंदूच्या बरोबर मध्यावर आणावी. चकतीच्या जागेचा आकडा तिच्या कोपऱ्याचा असतो, म्हणून त्यात ०.१० मिळवले की बिंदूची खरी जागा मिळते. ही बेरीज अनेक जण गाळतात. ती गाळू नये.

समजा, वरच्या कडेपासून मोजले असता नव्या नकाशावर कारागृह २.८० वर आणि बेलापूर १५.४० वर आहे. दोहोंमधले उभे अंतर १२.६० झाले. जुन्या नकाशावर हेच आकडे ४.१० आणि १४.६० आहेत, अंतर १०.५०. आता १२.६० भागिले १०.५० म्हणजे १.२०. जुने चित्र एवढ्या पटीने मोठे करायचे आहे. त्याची उंची १६.०० असेल तर ‘लॉक आस्पेक्ट रेशो’ चालू ठेवून १९.२० लिहावी, रुंदी आपोआप बदलते.

आकार झाला, आता जागा. क्रम हाच ठेवावा. आधी जागा आणि मग आकार असे केले तर जागा पुन्हा बिघडते. मोठे करण्यापूर्वी जुन्या चित्राची वरची कड १.५० वर होती, म्हणजे कारागृह त्या कडेपासून २.६० खाली होते. चित्र १.२० पट मोठे झाल्यावर ते कडेपासून ३.१२ खाली गेले. आपल्याला ते २.८० वर हवे आहे, म्हणून उभे अंतर २.८० वजा ३.१२, म्हणजे उणे ०.३२ लिहावे. उणे आकडा पाहून बिचकू नये. चित्राची कड स्लाइडच्या बाहेर गेली एवढाच त्याचा अर्थ. आडव्या अंतराचा हिशेब डाव्या कडेपासून असाच करावा.

आता पडताळा. नव्या नकाशावर कारागृह आणि बेलापूर यांच्यातले आडवे अंतर २.७६ असेल आणि जुन्यावर ते २.३० होते, तर २.३० गुणिले १.२० बरोबर २.७६ येते, नकाशे खरोखर जुळले. नवीन आवृत्त्यांत चित्राची पारदर्शकता थेट बदलता येते, ती तात्पुरती ५० टक्के करून दोन्ही बिंदू एकावर एक आले का हे डोळ्यांनीही पाहावे. डोळ्यांचे काम येथे सुरू होते, त्याआधी नाही. निळ्या चकत्या मात्र जुन्याच जागी राहिलेल्या असतात, त्यांच्याकडे पाहून घाबरू नये.

आडव्या दिशेला फरक राहिला, तर बहुधा स्कॅन अजून तिरका आहे किंवा मूळ कागद एका दिशेने आक्रसला आहे. स्लाइडवर एखाद्या मिलिमीटरचा फरक असेल तर तो दोन्ही टोकांना निम्मा-निम्मा वाटून द्यावा. त्याहून जास्त असेल तर प्रमाणाचे कुलूप काढून चित्र ताणण्याचा मोह टाळावा आणि क्यूजीआयएस या विनामूल्य सॉफ्टवेअरमधल्या ‘जिओरेफरन्सर’ने जुना नकाशा अक्षांश-रेखांशांवर बसवून आणावा. नकाशा ताणला की अंतरे खोटी होतात, आणि खाडी किती अरुंद झाली हे सांगणाऱ्या व्याख्यानात खोटे अंतर दाखवणे गैर आहे.

थर जुळल्यावर पारदर्शकता पूर्ववत करावी, चकत्या पुसाव्यात, लपवलेल्या थरांचे डोळे उघडावेत, कारण मिटलेला थर सादरीकरणातही दिसत नाही. थर आणण्यासाठी ‘फेड’ एवढाच परिणाम वापरावा. कडेने सरकत येणारे चित्र जुळलेले असले तरी तसे वाटत नाही. तोच थर दुसऱ्या स्लाइडवर हवा असेल तर कॉपी करून तेथे पेस्ट करावा, तो त्याच जागी बसतो. त्याच स्लाइडवर प्रत काढली तर ती थोडी सरकून पडते, तेव्हा आकडे पुन्हा भरावेत.

स्लाइडबाहेर गेलेल्या कडा छाटायच्या असतील तर ते अगदी शेवटी करावे, कारण छाटल्यावर चौकट बदलते आणि तिच्याबरोबर उंची, रुंदी, जागा हे सगळे आकडेही बदलतात. चित्रे हलकी करताना छाटलेला भाग कायमचा काढून टाकण्याचा पर्याय समोर येतो. तो व्याख्यान पार पडेपर्यंत निवडू नये, कारण आयत्या वेळी सभागृहात ४:३ चा पडदा निघाला तर तोच भाग लागतो.