ऑपरेशननंतर नुसती साबुदाण्याची खिचडी? या चुका टाळा

इंदूरच्या मराठी घरात ऑपरेशन झालेला माणूस परत आला की आधी यादी होते ती बंद करायच्या पदार्थांची. दही बंद, लिंबू बंद, डाळ वातूळ म्हणून बंद, वांगं तर बंदच. मग उरतं काय? साबुदाणा, डाळीचं पाणी, मऊ भात आणि चहा-बिस्किटं. दोन-तीन आठवडे असं खाऊन माणूस उठता-बसता धापा टाकतो आणि खापर फुटतं ऑपरेशनवर. पथ्य कितीही कडक पाळलं तरी दिवसभरात पोटात नेमकं काय गेलं, हे कोणी मोजत नाही.

एक गोष्ट आधीच सांगते. जठराचं किंवा आतड्याचं ऑपरेशन झालं असेल, किंवा मूत्रपिंडाचा आजार असेल, तर डॉक्टरांनी दिलेला तक्ताच पाळायचा. हा लेख ‘आता सगळं खायला हरकत नाही’ असं सांगून घरी पाठवलेल्यांसाठी आहे.

साबुदाण्यावर दिवस काढणं

राजवाड्यावर नाहीतर सराफ्यात शेव-मसाला घालून मिळणारी साबुदाण्याची खिचडी कोणाला आवडत नाही! पण साबुदाणा म्हणजे कंदातला निव्वळ स्टार्च. १०० ग्रॅम साबुदाण्यात १ ग्रॅमसुद्धा प्रथिनं नसतात; खिचडीत जी काही येतात ती दाण्याच्या कुटामुळे. जखम भरायला नवी त्वचा आणि नवे स्नायू लागतात, आणि ते प्रथिनांपासूनच तयार होतात. खाण्यातून ती मिळाली नाहीत तर शरीर स्वतःचे स्नायू मोडायला लागतं. पायातलं बळ जातं ते यामुळेही, आणि त्यात अंथरुणावर पडून राहण्याची भर.

निरोगी माणसाला वजनाच्या दर किलोमागे रोज साधारण ०.८ ग्रॅम प्रथिनं पुरतात. ऑपरेशननंतर १.२ ते १.५ ग्रॅम लागतात. म्हणजे ६० किलोच्या माणसाला ७२ ते ९० ग्रॅम. आता घरचा हिशोब मांडा. सकाळी चहा आणि दोन बिस्किटं, मग वाटीभर साबुदाणा खिचडी, दुपारी डाळीच्या वरच्या पाण्याशी भात, संध्याकाळी परत चहा, रात्री मुगाची पातळ खिचडी. सगळं मिळून २५ ग्रॅम झाली तरी पुष्कळ. डाळीचं पाणी तर सगळ्यात फसवं, कारण त्यानं पोट भरतं आणि डाळ राहते पातेल्याच्या तळाशी.

हेच घट्ट वरण केलं तर वाटीमागे ६-७ ग्रॅम मिळतात. एका अंड्यात ६, कपभर दुधात साधारण तेवढीच, ५० ग्रॅम पनीरमध्ये ९ च्या आसपास. मूठभर फुटाणे म्हणजे आणखी ५-६ ग्रॅम. अंडं चालत नसेल तर सकाळी मुगाचे दोन धिरडे आणि वाटीभर दही. दुधात दोन चमचे दुधाची पावडर कालवली की घोट तेवढेच राहतात आणि प्रथिनं वाढतात; प्रोटीन पावडरचा महागडा डबा आणायची गरज बहुतेकांना पडत नाही. माळव्यात सोयाबीनची शेतं पसरलेली, देशाची सोयाबीन संशोधन संस्थाही इंदुरातच, तरी आपल्या ताटात सोयाबीन क्वचितच दिसतं. सोयाच्या वड्यांमध्ये निम्म्याच्या आसपास प्रथिनं असतात. फक्त पोटाचं ऑपरेशन असेल तर पहिले काही दिवस थांबा, गॅस होतो.

भूक नसेल तर भरलेलं ताट समोर ठेवू नका. दर दोन-अडीच तासांनी थोडं थोडं द्या, आणि आधी वरण, पनीर, अंडं, भात मागून.

‘पांढरं खाल्लं की पू होतो’

पू जंतूंमुळे होतो. दूध, दही, भात यांचा त्यात काही हात नाही. आंबटाचंही तेच. जखम सांधणारं कोलॅजन तयार व्हायला क जीवनसत्त्व लागतं आणि आपण नेमकं लिंबू, आवळा, पेरूच बंद करतो. वरणावर लिंबू पिळा. आजी ऐकत नसतील तर त्यांच्याशी वाद न घालता डॉक्टरांकडून त्यांच्यासमोर वदवून घ्या. तेवढ्यानं काम होतं.

सिझेरियन झालेल्या बाळंतिणीच्या बाबतीत तर हद्दच होते. ‘पोट सुटेल’ म्हणून पाणी मोजून देतात, ‘बाळाला वात होईल’ म्हणून डाळी तोडतात, आणि तुपातल्या डिंकाच्या लाडवांवर सगळी भिस्त. लाडू खाऊ दे की, आळिवाची खीरही द्या. पण तिला टाके भरून काढायचेत, दूधही पाजायचंय. पाणी तोडू नका, आणि वरण रोज हवंच.

पोट साफ होत नाही

हे होणारच, असं धरून चाला. ट्रामाडॉलसारखी दुखण्यावरची औषधं आणि लोहाच्या गोळ्या, दोन्ही मलावरोध करतात; त्यात हालचाल कमी आणि पाणीही कमी. कुंथल्यानं टाक्यांवर ताण येतो. पपई, भिजवलेल्या मनुका, शिजवलेल्या भाज्या आणि डॉक्टरांनी परवानगी दिल्यावर घरातल्या घरात फेऱ्या. इसबगोल घ्यायचं तर पेलाभर पाण्याबरोबरच, नाहीतर ते आतच घट्ट होतं. आतड्याचं ऑपरेशन असेल तर विचारल्याशिवाय अजिबात नको. लोहाची गोळी चहाबरोबर घेऊ नका, लोह नीट शोषलं जात नाही. तासाभराचं अंतर ठेवा.

दुखण्याच्या काही गोळ्या उपाशीपोटी घेतल्या की जळजळ, मळमळ होते. मग खाणं आणखी कमी. गोळीआधी निदान अर्धी वाटी दहीभात.

भेटायला येणाऱ्यांचा खाऊ

शेव आणि कचोरी घेऊन येणारे प्रेमानंच येतात. पित्ताशय काढलेल्यांनी मात्र काही आठवडे दूरच राहावं. यकृत पित्त तयार करत राहतं, पण साठवायला पिशवी नसल्यानं ते सतत आतड्यात उतरतं, आणि एकदम तेलकट खाल्लं की बऱ्याच जणांना जुलाब होतात. कमी तेलाचे पोहे चालतील, वरची मूठभर शेव आणि बाजूची जिलबी नको.

मधुमेह असेल तर ‘अशक्तपणा आलाय’ म्हणून ग्लुकोजचं पाणी आणि फळांचा रस पाजणं महागात पडतं. साखर वाढलेली राहिली की जखम उशिरा भरते, जंतूंना आयतं रान मिळतं. उलट, खाणं घटलेलं असताना इन्सुलिन नेहमीइतकंच घेतलं तर साखर धोकादायक खाली जाते. त्यामुळे घरी मोजत राहा आणि डोस डॉक्टरांना विचारूनच बदला.

हळदीचं दूध प्या, हरकत नाही. पण हळदीच्या कॅप्सूल किंवा कुणी दिलेली पुडी डॉक्टरांना दाखवल्याशिवाय नको, विशेषतः रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या चालू असतील तर. वॉरफॅरीन ही रक्त पातळ करणारी गोळी घेणाऱ्यांनी पालक-मेथी सोडायची गरज नाही. प्रमाण मात्र दर आठवड्याला सारखं ठेवा.

उलट्या थांबत नसतील, पोट फुगून गॅसही सरत नसेल, ताप आला असेल, जखम लाल होऊन पाझरत असेल, तर खाण्यात बदल करत बसू नका. त्याच दिवशी हॉस्पिटल गाठा.