‘अ‍ॅलिस’ पोरांना वाचून दाखवायची असेल तर

दर रविवारी राजारामपुरीतल्या आमच्या घरी भाचरं जमतात. गेल्या महिन्यात त्यांना ‘अ‍ॅलिस इन वंडरलँड’ वाचून दाखवलं. पहिल्या दिवशी मी आधी व्हिक्टोरिया राणीवर भाषण ठोकलं आणि निम्मी पोरं गच्चीवर पसार! तेव्हा इतिहास आधी सांगू नका. पुस्तक 1865 चं, लिहिणारा ऑक्सफर्डचा गणिताचा मास्तर, एवढं बास.

खरी मजा दुसऱ्या प्रकरणात आहे, तिथं थांबा. आपण आपणच आहोत का, हे तपासायला अ‍ॅलिस पाढे म्हणते: चार पंचे बारा, चार सक तेरा. आमची धाकटी ताडकन म्हणाली, "मावशी, चुकलं की ते!" तिथंच विचारा, गोंधळलेली पोर पाढेच का म्हणते? कारण तेव्हाच्या सुखवस्तू घरांत शिक्षण म्हणजे घोकंपट्टी. लगेच ती कविता म्हणायला जाते. आयझॅक वॉट्स या जुन्या इंग्रज कवीची मूळ कविता उद्योगी मधमाशीची, पोरांना वळण लावणारी. अ‍ॅलिसच्या तोंडून मात्र निघते हसतहसत मासे गिळणारी मगर! दोन्ही लागोपाठ वाचा, नाहीतर टिंगल कळत नाही. मग पोरांना पाठ असलेला एखादा सुविचार असाच बिघडवायला सांगा. आमच्याकडं ‘लवकर निजे, लवकर उठे’ची पार वाट लागली.

चहापानाच्या प्रकरणात टोपीवाल्याची वेळ कायम सहावर अडकलेली. तेव्हा टोप्यांचा नमदा (केस दाबून केलेलं जाड कापड) करायला पारा वापरत, त्यानं टोपी कारागिरांना कंप सुटायचा. हे मोठ्या पोरांनाच सांगा.