शिशाचे सैनिक: संग्रह आणि देखावा

खेळण्यातल्या ऐतिहासिक सैनिकांचा संग्रह सुरू करताना आधी एक कालखंड आणि एक आकार निश्चित करावा. लंडनच्या ब्रिटन्स कंपनीने १८९३ मध्ये शिशाचे पोकळ ओतीव सैनिक आणले आणि त्यांची ५४ मिलिमीटर उंची पुढे प्रमाण मानली गेली. न्यूरेंबर्गचे चपटे सैनिक सुमारे ३० मिलिमीटरचे असल्याने दोन्ही एकाच देखाव्यात विजोड दिसतात. जुन्या सैनिकाचा रंग उडालेला असला, तरी तो पुन्हा रंगवू नये, कारण त्याचे मोल बरेचसे मूळ रंगातच असते.

खरी काळजी घ्यावी लागते ती कपाटाची. ओकचे लाकूड, एमडीएफ (लाकडाचे तंतू दाबून केलेली फळी) किंवा न वाळलेला रंग यांतून निघणाऱ्या आम्लयुक्त वाफांमुळे शिशावर पांढरी भुकटी धरते आणि हळूहळू धातूच खाल्ला जातो, म्हणून काच आणि धातूचे, कोरडे कपाट घ्यावे. शिसे विषारी असल्याने हाताळल्यावर हात धुवावेत.

देखाव्यात संपूर्ण वॉटर्लू, म्हणजे नेपोलियनच्या अखेरच्या पराभवाची १८१५ ची लढाई, मांडण्याचा मोह टाळावा. ५४ मिलिमीटरच्या सैनिकांना जुळणाऱ्या सुमारे १:३२ या प्रमाणात एक मीटर लांबीत जेमतेम बत्तीस मीटर रणभूमी मावते. त्याऐवजी आत घुसणाऱ्या फ्रेंचांना रोखत ब्रिटिश गार्ड्सनी बंद केलेला, त्या रणभूमीवरच्या ऊगोमाँ या भिंतबंद शेतवाड्याचा उत्तर दरवाजा निवडावा. लढाईच्या आदल्या रात्री मुसळधार पाऊस झाला होता, तेव्हा हिरवळीपेक्षा चिखल अधिक दाखवावा, बुटांवरही.